विश्लेषण : कीटकनाशकाची रिकामी बाटली नेमकी कुणाची? बांधावर पडलेल्या विषाची जबाबदारी कोण घेणार?

कपाशी, सोयाबीन, तूर असो की नाशिक-सांगलीकडची द्राक्षे. फवारणीचा हंगाम सुरू झाला की बांधावर, विहिरीच्या कडेला आणि ओढ्याकाठी रिकाम्या बाटल्या दिसू लागतात. शेतकऱ्यांच्या भाषेत हे ‘औषध’. मात्र औषध संपले म्हणजे बाटलीतले विष संपले, असे होत नाही. ही बाटली पुरायची, जाळायची, भंगारात द्यायची की दुकानदाराला परत करायची? प्रश्न साधा असला तरी देशातील वेगवेगळे नियम त्याची वेगवेगळी उत्तरे देतात आणि त्यापैकी एकही उत्तर बाटलीला बांधावरून पुनर्चक्रीकरण केंद्रापर्यंत नेत नाही. ही साखळी नेमकी कुठे तुटते, याविषयी…

रिकाम्या बाटलीत धोका कसला?

बरीच कीटकनाशके तेलकट किंवा दाट द्रवाच्या रूपात येतात. बाटली उपडी केली तरी आतल्या भिंतीला, तळाच्या कोपऱ्यांत आणि झाकणाच्या आट्यांत थोडे औषध चिकटून राहते. हे पंपातल्या पाण्यात मिसळलेले पातळ औषध नसते, तर मूळ तीव्रतेचे असते. अनेक कीटकनाशकांची मात्रा एका पंपाला काही मिलिलिटर एवढीच असते. म्हणजे बाटलीत जे ‘काहीच नाही’ असे वाटते, ते प्रत्यक्षात एका पंपाच्या मात्रेइतके असू शकते.

दुसरा धोका पुनर्वापराचा. कीटकनाशकाचे डबे मजबूत असतात, झाकण घट्ट बसते. त्यामुळे ते धुऊन त्यात रॉकेल, डिझेल, बियाणे, कधी पाणी, तर कधी खाद्यतेलही ठेवले जाते. याची किती मोठी किंमत मोजावी लागू शकते हे बिहारमध्ये दिसले. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुलांचा मृत्यू झाला. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, अशी शक्यता त्या वेळी पुढे आली. या घटनेनंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) रिकाम्या डब्यांची सुरक्षित विल्हेवाट हा मुद्दा अधोरेखित केला होता.

महाराष्ट्रात कीटकनाशकांच्या धोक्याची चर्चा झाली ती २०१७ मध्ये. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीदरम्यान विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. त्यानंतर मास्क, हातमोजे, फवारणीची वेळ, औषधांची मिश्रणे यांवर बरेच बोलले गेले. फवारणी झाल्यावर उरणाऱ्या बाटलीचे काय, हा प्रश्न मात्र तेव्हाही मागेच राहिला.

सध्या या बाटल्यांचे होते काय?

साधारण चार वाटा दिसतात. पहिली, बाटली जिथे रिकामी झाली तिथेच टाकून देणे. फवारणीला पाणी लागते, त्यामुळे औषध कालवण्याचे काम विहीर, शेततळे किंवा ओढ्याजवळ होते आणि बाटल्याही तिथेच पडतात. पहिल्या जोरदार पावसात त्यातला अंश थेट पाण्यात जातो. ओढ्यात पंप आणि बाटल्या विसळण्याची सवय याहून घातक. मासे आणि पाण्यातले इतर जीव काही कीटकनाशकांच्या अत्यल्प प्रमाणालाही बळी पडतात.

दुसरी वाट जाळण्याची. उघड्यावर पेटवलेल्या ढिगाऱ्याचे तापमान विषारी रसायनांचे पूर्ण विघटन होण्याइतके वाढत नाही. उलट क्लोरीनयुक्त पदार्थ कमी तापमानाला जळताना डायॉक्सिनसारखी घातक संयुगे तयार होऊ शकतात. सिमेंटच्या भट्टीत १,४०० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान असते. बांधावरच्या आगीची तिच्याशी तुलनाच होत नाही.

तिसरी वाट पुरून टाकण्याची. चौथी भंगाराची. बहुतेक बाटल्या एचडीपीई किंवा पेट या प्लास्टिकच्या असतात आणि त्यांना भंगारात भाव मिळतो. गावात येणारा भंगारवाला त्या दुधाच्या कॅनसोबत, तेलाच्या डब्यांसोबत घेऊन जातो. पुढे सगळ्यांचा एकत्र चुरा होतो, तो धुतला जातो आणि त्याचे दाणे बनतात. त्या दाण्यांपासून बादली तयार झाली, पाण्याचा पाइप की खेळणे, हे शोधण्याची सोय उरत नाही. चुरा धुतलेले पाणी कुठे गेले, हेही कळत नाही. भंगारवाला या साखळीतला एकमेव माणूस असतो जो बाटली खरोखर उचलतो. मात्र त्याच्या हातात ना हातमोजे असतात, ना ती बाटली वेगळी ठेवण्याचे काही कारण.

कायदा काय सांगतो?

कीटकनाशकांचा मूळ कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. या नियमांतील नियम ४४ वापरलेल्या वेष्टनांच्या विल्हेवाटीविषयी आहे. वेष्टने, उरलेले औषध आणि धुतलेले पाणी यांची विल्हेवाट पर्यावरण वा पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने लावावी, ही जबाबदारी उत्पादक, मिश्रणे तयार करणारे आणि प्रत्यक्ष हाताळणारे यांच्यावर टाकली आहे. पुनर्वापर होऊ नये म्हणून रिकामी वेष्टने बाहेर पडू देऊ नयेत आणि ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे हा नियम म्हणतो. जबाबदारांच्या या यादीत विक्रेत्याचे नाव नाही.

हीच बाटली औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात रिकामी झाली तर? मग २०१६ चे घातक कचरा नियम लागू होतात. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे आणि डबे या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ‘घातक कचरा’ म्हणून नोंदवलेले आहेत. कारखान्याला त्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि ते अधिकृत केंद्राकडेच पाठवावे लागतात. ती घरात रिकामी झाली तर? २०१६ च्याच घनकचरा व्यवस्थापन नियमांत कीटकनाशकांच्या डब्यांची गणना ‘घरगुती घातक कचऱ्या’त केली होती. हा कचरा वेगळा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती.

थोडक्यात, बाटली तीच, विषही तेच. कारखान्यात ती घातक कचरा ठरते, घरात घरगुती घातक कचरा आणि शेतात मात्र फोडून पुरण्याची वस्तू. ज्या ठिकाणी सर्वाधिक बाटल्या रिकाम्या होतात, तिथेच नियम सर्वांत जुना आणि सर्वांत सैल आहे. १९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि नंतर संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. मात्र या विधेयकाने जुन्या कायद्याची जागा घेतली नाही.

नियमात असेल तर पुरण्यात चूक काय?

१९७१ मध्ये कीटकनाशके मुख्यतः पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या आणि कागदी पुड्यांत येत. पत्रा गंजतो, कागद कुजतो. आज वेष्टन जवळपास सगळे प्लास्टिकचे आहे. ते जमिनीत कित्येक दशके तसेच राहते. शिवाय न धुता पुरलेल्या बाटलीतील अंश हळूहळू मातीत आणि झिरपत भूजलात जाऊ शकतो. ज्या रानात दोन-तीनशे फुटांवर विहीर किंवा बोअरवेल आहे, तिथे ‘वस्तीपासून दूर’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. एफएओच्या मार्गदर्शक तत्त्वांतही शेतात बाटल्या पुरणे आणि उघड्यावर जाळणे या दोन्ही गोष्टी टाळण्यास सांगितले आहे.

ईपीआरमुळे प्रश्न सुटत नाही का?

प्लास्टिक कचऱ्याबाबत ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ म्हणजेच ईपीआर ही व्यवस्था आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने तिचे सविस्तर नियम आले. बाजारात प्लास्टिक वेष्टन आणणाऱ्या कंपनीने तेवढ्या वजनाच्या प्लास्टिकची जबाबदारी घ्यायची, हे त्याचे सूत्र. टणक प्लास्टिक, लवचीक प्लास्टिक, बहुस्तरीय वेष्टन असे गट केले आहेत. टणक प्लास्टिकसाठी पुनर्चक्रीकरणाचे किमान प्रमाण २०२४-२५ मध्ये ५० टक्के आणि २०२७-२८ पर्यंत ८० टक्के असे ठरवले आहे.

पण इथे एक मेख आहे. ही जबाबदारी प्रमाणपत्रांच्या रूपात पूर्ण करता येते. पुनर्चक्रीकरण करणाऱ्याने एखाद्या गटातील ठरावीक टन प्लास्टिकवर प्रक्रिया केली की त्याला प्रमाणपत्र मिळते आणि कंपन्या ते विकत घेऊ शकतात. हिशेब गटाचा आणि टनांचा आहे, बाटलीचा नाही. म्हणजे कीटकनाशकाच्या बाटल्यांपोटीचे उद्दिष्ट शहरात गोळा झालेल्या शाम्पूच्या किंवा फिनेलच्या बाटल्यांतून पूर्ण झाले, तरी कागदोपत्री सारे ठीक असते. शहरातला कचरा गोळा करणे स्वस्त पडते. बांधावरची विषारी बाटली गोळा करणे महाग आणि जोखमीचे. त्यामुळे ही व्यवस्था जशी आहे तशी राहिली, तर कीटकनाशकाची बाटली सर्वांत शेवटी उचलली जाईल.

‘तीनदा धुणे’ एवढे महत्त्वाचे का?

जगभर ज्या देशांनी हा प्रश्न हाताळला, तिथे सुरुवात एकाच गोष्टीने झाली. बाटली रिकामी होताक्षणी तीन वेळा धुणे आणि ते पाणी पंपातच ओतणे. यामागचे गणित सोपे आहे.

समजा, १ लिटरची बाटली ओतून झाल्यावर आत १० मिलि औषध चिकटून राहिले. त्यात २५० मिलि पाणी घालून हलवले आणि पंपात ओतले. पुन्हा १० मिलि द्रव आत राहिला असे धरले, तरी तो आता २६ पट पातळ आहे. दुसऱ्यांदा धुतल्यावर ६७६ पट आणि तिसऱ्यांदा १७,५७६ पट. सुरुवातीच्या १० मिलिपैकी मूळ औषध उरते ते एका मिलिलिटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

आता तेवढेच पाणी, म्हणजे ७५० मिलि, एकदम घालून एकदाच धुतले तर? औषध फक्त ७६ पट पातळ होते. पाणी सारखेच, पण तीन हप्त्यांत वापरल्याने परिणाम २३० पटींहून अधिक चांगला. प्रत्यक्ष शेतात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, तत्त्व बदलत नाही.

यात दोन अटी आहेत. धुणे लगेच व्हायला हवे, कारण वाळलेला थर पाण्याने निघत नाही. आणि धुतलेले पाणी जमिनीवर न टाकता पंपातच गेले पाहिजे. तिथे ते वाया जात नाही. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेले औषध पिकावरच पडते. नीट धुतलेली बाटली घातक कचऱ्याच्या वर्गातून बाहेर काढता येते, असे एफएओची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यामुळे ती साठवणे आणि वाहून नेणे स्वस्त होते. पुढची सगळी साखळी या एका मिनिटाच्या कामावर उभी राहते.

प्रत्येक वेष्टन पुनर्चक्रित होते का?

नाही. एकाच थराची एचडीपीई बाटली तुलनेने सोपी. मात्र द्रावकयुक्त औषधे साध्या प्लास्टिकमधून झिरपू शकतात, म्हणून काही बाटल्यांच्या आत नायलॉन किंवा तत्सम वेगळ्या प्लास्टिकचा थर असतो. असे मिश्र प्लास्टिक वेगळे काढावे लागते. झाकण बहुधा वेगळ्या प्लास्टिकचे आणि सीलला ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो.

सर्वांत अवघड आहेत त्या भुकटीच्या पुड्या. लहान शेतकऱ्यांसाठी ५० किंवा १०० ग्रॅमच्या पुड्या मोठ्या प्रमाणात विकल्या जातात. प्लास्टिक आणि धातूच्या थरांची ही वेष्टने बाटलीसारखी खळखळून धुता येत नाहीत आणि त्यांना भंगारात भावही नाही. त्या वेगळ्या गोळा करून उच्च तापमानाच्या भट्टीत नष्ट करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. पाण्यात विरघळणाऱ्या आतील पिशव्यांचा पर्याय उपलब्ध आहे, पण त्याने खर्च वाढतो.

ब्राझीलने हे कसे जमवले?

कीटकनाशकांच्या मोठ्या वापरकर्त्या देशांत ब्राझीलचा समावेश होतो. तिथे २००० साली झालेल्या कायद्याने (क्रमांक ९,९७४) प्रत्येकाचे काम वाटून दिले. शेतकऱ्याने बाटली धुवायची, तिला छिद्र पाडायचे आणि खरेदीपासून साधारण वर्षभरात परत करायची. विक्रेत्याने ती कुठे परत करायची हे खरेदीच्या पावतीवरच छापायचे. कंपन्यांनी ती तिथून उचलून पुनर्चक्रीकरण किंवा नाश करायचा. सरकारने जनजागृती आणि देखरेख करायची.

कंपन्यांनी यासाठी ‘इनपेव्ह’ ही स्वतंत्र संस्था उभारली आणि २००२ मध्ये काम सुरू झाले. देशभरात ४०० च्या आसपास संकलन केंद्रे आहेत. लांबच्या लहान शेतकऱ्यांसाठी ठरलेल्या दिवशी फिरते संकलन होते. आजवर ७ लाख टनांहून अधिक वेष्टने परत आली असून औषधाच्या थेट संपर्कातील प्लास्टिक वेष्टनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत येतात. त्यापासून विद्युत तारांचे पाइप, सांडपाण्याचे पाइप आणि कीटकनाशकाच्या नव्या बाटल्याही बनतात. खेळणी किंवा अन्नाचे डबे नव्हेत.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘ड्रममस्टर’ योजना आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या औषधावर प्रति लिटर छोटा आकार घेऊन संकलनाचा खर्च भागवला जातो. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. बाटली परत आणण्याचा खर्च औषधाच्या किमतीतच धरलेला आहे, तो कुणाच्या सद्भावनेवर सोडलेला नाही.

महाराष्ट्रात हे शक्य आहे का?

अडचणी खऱ्या आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र अवघे १.३४ हेक्टर. ब्राझीलमधील मोठा शेतकरी २० लिटरचे डबे ट्रकने आणून देऊ शकतो. इथे एका शेतकऱ्याकडे हंगामात १०० आणि २५० मिलिच्या काही बाटल्या जमतात. त्या घेऊन तो तालुक्याच्या केंद्रावर जाईल, ही अपेक्षा अवाजवी आहे.

पण एका ठिकाणी तो हंगामात अनेकदा जातो. ते म्हणजे कृषी सेवा केंद्र. या दुकानांना परवाना लागतो, बिले द्यावी लागतात, साठ्याची नोंद ठेवावी लागते. शिवाय कंपनीचा माल घेऊन आलेली गाडी बरेचदा रिकामी परत जाते. नव्या बाटल्या ज्या रस्त्याने येतात, त्याच रस्त्याने रिकाम्या परत पाठवणे सर्वांत स्वस्त. मात्र धुतलेल्या बाटल्या दुकानात साठवल्या तर दुकानदारावर घातक कचरा बाळगल्याचा ठपका येणार नाही, ही हमी नियमात स्पष्टपणे लागेल.

अनामत रकमेचा पर्यायही आहे. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत दिल्यावर ते परत केले जातात. तिथे ९० टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. याउलट महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परताव्याची तरतूद होती. ती प्रत्यक्षात रुळलीच नाही. रक्कम किरकोळ असेल आणि परत घेणारा ठरलेला नसेल, तर अनामत योजना चालत नाही, हा त्यातला धडा.

शेवटच्या टप्प्याची सोय राज्यात काही प्रमाणात आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे आहेत आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटच्या भट्ट्या आहेत. पण ही व्यवस्था उद्योगांसाठी उभी राहिली. शेताचा बांध आणि ही केंद्रे यांच्यामधला दुवा कुणीच बांधलेला नाही.

मग तूर्त शेतकऱ्याने काय करावे?

बाटली पंपात ओतल्यावर अर्धा मिनिट उपडी धरून निथळू द्यावी. पाव भाग स्वच्छ पाणी घालून झाकण लावावे, अर्धा मिनिट हलवावे आणि पाणी पंपात ओतावे. असे तीन वेळा करावे. झाकण आणि आटेही धुवावेत. हे पाणी पंपातील एकूण पाण्यातच धरावे, म्हणजे मात्रा बिघडत नाही. हातमोजे घातलेले असावेत.

त्यानंतर बाटलीच्या तळाला छिद्र पाडावे, म्हणजे ती पुन्हा कुणी वापरणार नाही. लेबल मात्र काढू नये. आत काय होते हे पुढच्या माणसाला कळायला हवे. धुतलेल्या बाटल्या वेगळ्या पोत्यात, घर, गोठा आणि विहिरीपासून दूर, कुलूपबंद ठेवाव्यात. पुड्यांसाठी वेगळी पिशवी करावी. ओढ्यात, विहिरीवर किंवा जनावरांच्या हौदाजवळ काहीही धुऊ नये. भंगारात देण्याची वेळ आलीच, तर न धुतलेली बाटली देऊ नये आणि या बाटल्या घरातल्या इतर प्लास्टिकमध्ये मिसळू नयेत.

एवढे केल्यावर शेतकऱ्याच्या हातातला भाग संपतो आणि पोते कोपऱ्यात पडून राहते. ते उचलायला कोण येणार, या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याने द्यायचे नाही. नियम ४४ मधील ‘पुरा’ हा शब्द जाऊन तिथे ‘परत घ्या’ असे लिहिले गेले, त्या यादीत विक्रेत्याचे नाव आले आणि ईपीआरमध्ये कीटकनाशकाच्या बाटल्यांचा हिशेब वेगळा मागितला गेला, तरच ते पोते बांधावरून हलेल. तोवर दर हंगामात पोत्यांची संख्या तेवढी वाढत राहील.